मामाचा ‘अंकल’ केला, सुधारणा कोठें झाली?

येडशीच्या पेठेंत काय किंवा सोलापूर-मुंबईस काय, मुलांच्या तोंडचे काका-मामा जाऊन सरसकट ‘अंकल’ ऐकूं येऊं लागला आहे, आणि पुष्कळ आईबापांस तें सुधारणेचें लक्षण वाटतें. हा समज कितपत खरा, हें त्या शब्दाचें कुळ पाहिल्यास कळेल.

‘अंकल’ हा मूळचा इंग्रजी शब्दच नव्हे. लॅटिनमधील ‘अवुन्कुलुस’ म्हणजे केवळ मामा. चुलत्यास तेथें निराळें नांव होतें. जुन्या इंग्रजींतही मामा व चुलता यांस दोन नांवें होतीं. १०६६ सालीं नॉर्मनांनीं इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचच्या वाटेनें ‘अंकल’ आला आणि कालांतरानें तीं दोन्ही गिळून बसला. ‘आंट’ची तीच कथा. मुळांत ती नुसती आत्या. पुढें मावशीही त्याच नांवांत बुडाली. संस्कृतांतील स्नुषा व देवर यांचे भाऊबंद शब्दही जुन्या इंग्रजींत होते. ते तेथें लोपले; आमच्या घरांत सून व दीर होऊन अद्याप नांदत आहेत.

परक्या शब्दांवर बहिष्कार घालावा, असें आमचें म्हणणें नाहीं. अक्का व अण्णा आपण शेजारच्या कानडींतूनच घेतले. परंतु त्यांनीं घरांतील एकही नातें पुसलें नाहीं.

मात्र नांव राखणें म्हणजे त्यामागची प्रत्येक चाल राखणें नव्हे. आमच्या मराठवाड्यांत अनेक घरीं सून सासूस आत्या व सासऱ्यास मामा म्हणते. मामाच्या मुलीशीं लग्न लावण्याच्या चालीमुळें मुलगी सख्ख्या आत्याच्याच घरीं पडे, त्याची ही खूण होय. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें सपिंड विवाहास मनाई केली, पण रूढीस अपवाद ठेवला. त्याच आडोशास ही चाल अद्याप तग धरून आहे. इतक्या जवळच्या रक्तांत विवाह झाल्यास संततींत आनुवंशिक व्याधींचा धोका वाढतो, असें वैद्यकशास्त्र सांगतें. सुधारणा करावयाची ती येथें करावी. सासऱ्यास मामा खुशाल म्हणावें. मुलासाठीं त्याच्याच मामाच्या मुलीस मागणी मात्र घालूं नये.

खात्याचें नांव बदलल्यानें कर्ज फिटत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच.