शरदाचा पक्षी भरताना

भरतकामाच्या दुकानांतून ‘शरद ऋतूतील पक्षी’ म्हणून जे छापील नमुने आज सर्रास मिळतात, त्यांत मेपलच्या तांबड्या-नारिंगी पानांनी लगडलेल्या फांदीवर लाल छातीचा रॉबिन बसलेला असतो, त्याच्या पायाशी ओकची फळे विखुरलेली असतात, आणि कागदाच्या कोपऱ्यात दोऱ्यांच्या क्रमांकांची एक यादी असते, जिच्याबरहुकूम लड्या विकत आणून एकामागून एक रकाने भरीत गेले की काम रीतसर पुरे झाले असे मानण्याचा शिरस्ता पडला आहे. या नमुन्यांच्या सौंदर्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, रंग निवडण्याचा जो पहिला आणि सर्वांत मोलाचा हक्क सुई हाती धरणाऱ्या माणसाचा, तो या यादीने त्याच्याकडून काढून घेतला आहे, आणि ज्या ऋतूच्या नावाने हे चित्र भरले जाते, तो ऋतू आपल्या दाराशी उभा असताना त्याच्याकडे पाहण्याचीही गरज कोणास वाटेनाशी झाली आहे.

ज्या देशांत तो रॉबिन आणि ते मेपल आहेत, तेथे त्या नमुन्यातील रंग सर्वथा यथार्थ आहेत. दिवस लहान होऊ लागतात, पानांतील हरितद्रव्य विघटित होते, त्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो, काही वृक्षांच्या पानांत तांबडा रंग नव्याने निर्माण होतो, आणि सारे अरण्य पेटल्यासारखे दिसते. आमच्याकडे पानगळ येते ती शिशिरात, आणि तीही फाल्गुनापर्यंत रेंगाळत. आमचा शरद हा पानगळीचा नव्हेच. चार महिने धुऊन निघालेल्या आकाशाचा, पिवळ्या पडू लागलेल्या भाताचा, सह्याद्रीच्या पठारावर पसरलेल्या सोनकीच्या फुलांचा, माळावरील कुसळी गवत हिरवेपण टाकून सोनेरी होऊ लागते त्या संधिकाळाचा तो ऋतू आहे. त्यात निळा आणि पिवळा हे दोन रंग राज्य करतात, आणि हिरवा अद्याप आपला अंमल सोडण्यास तयार नसतो. तेव्हा शरदाचा पक्षी भरावयाचा असे ज्याने मनात आणले, त्याने नारिंगी दोऱ्याची लड हाती घेण्यापूर्वी एकदा गावाबाहेरच्या शेतापर्यंत जाऊन यावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

तेथे त्याला बहुधा नीलपंख भेटेल. पुष्कळ गावांत यालाच चास किंवा नीलकंठ म्हणतात, आणि दसऱ्याच्या दिवशी त्याचे दर्शन शुभ मानतात. विजेच्या तारेवर तो निश्चल बसलेला असतो तेव्हा पाहणाऱ्याची प्रथम निराशाच होते, कारण पाठ मातकट हिरवट, छाती विटकरी छटेची तपकिरी, गळ्यावर फिकट जांभळट रेघा, आणि निळेपणाची खूण म्हटली तर डोक्यावरच्या टोपीत, पोटाखालच्या फिक्या आकाशी पट्ट्यात आणि मिटलेल्या पंखाच्या कडेला तेवढी दिसते. पण खाली गवतात एखादा नाकतोडा हलला आणि त्यावर झेप घेण्यासाठी याने पंख उघडले, की गडद जांभळट निळ्या आणि फिरोजी पट्ट्यांचे जे वैभव एका क्षणात प्रकट होते, ते पाहिल्यावर हाच का तो मघाचा पक्षी, असा प्रश्न पडावा. माझ्या मते तो भरावयाचा तो याच क्षणी: तार सोडलेली नाही, परंतु एक पंख अर्धा उघडला आहे, अशा अवस्थेत. म्हणजे त्याचे साधेपण आणि त्याचे ऐश्वर्य ही दोन्ही एकाच कापडावर शेजारी शेजारी येतात, आणि तपकिरीच्या सोबतीने निळा अधिक उजळतो.

येथे टाक्यांचा प्रश्न येतो, आणि तो रंगाच्या प्रश्नापासून निराळा काढता येत नाही, हेच मला या लेखात मुख्यतः सांगावयाचे आहे. या पक्ष्याच्या पिसातील निळाई ही रंगद्रव्याची नव्हे. पिसाच्या तंतूंत जी अतिसूक्ष्म रचना असते तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांना निळा भासतो, इतका की ते पीस कुटून त्याची पूड केली तर निळा नाहीसा होतो. जो रंग मुळात प्रकाशाच्या खेळातून जन्मला, तो कापडावर आणताना निळ्याच्या दहा छटांच्या लड्या विकत घेण्यापेक्षा दोऱ्याच्या चकाकीचा उपयोग करून घेणे हे अधिक सयुक्तिक होय. सॅटिनच्या टाक्यात दोरे एकमेकांना लागून समांतर पडतात, त्यामुळे त्यांच्यावरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो. त्याच दोऱ्याने शेजारचे पीस थोडी दिशा वळवून भरले, तर तेथे तोच क्रमांक असूनही छटा गडद किंवा उजळ दिसते. म्हणून पंखाच्या प्रत्येक पिसाची दिशा पेन्सिलीने आधी आखून घ्यावी. गडद निळा, फिरोजी आणि फिका आकाशी एवढे तीन निळे पंखाला पुरतात. हाताशी रेशीम असेल तर ते पंखासाठी राखावे आणि छातीला सुती दोरा वापरावा, कारण छातीला चकाकी शोभत नाही.

दोरा निवडण्याची जागा दुकानातील ट्यूबलाईटखाली नव्हे. दिव्याच्या उजेडात जुळलेल्या दोन छटा दिवसाच्या उजेडात परस्परांशी भांडताना आढळतात, हा प्रत्येक भरतकाम करणाऱ्याचा अनुभव आहे. तेव्हा लडी दुकानाच्या दारापर्यंत आणून पाहण्याची मुभा मागावी, आणि ती मागताना संकोच करू नये. दुसरे असे की, लडीच्या जुडग्यात दिसणारा रंग आणि कापडावर उतरणारा रंग यांत अंतर असते. नेहमीची सुती लड सहापदरी आणि 8 मीटर लांबीची असते; तिच्यातून एक पदर सोडवून कापडावर आडवा टाकला की तो लडीतल्यापेक्षा बराच फिका दिसतो, कारण आता त्याच्या दोन्ही बाजूंनी कापडाचा रंग त्यात मिसळत असतो. छातीच्या विटकरी तपकिरीची निवड ही अशी एक पदर टाकूनच करावी. शिवाय सहाही पदर एकदम ओढून दोन-तीन सुटे करू पाहिले तर गुंता ठरलेला. एकेक पदर वरून सरळ ओढून काढावा आणि मग हवे तितके पुन्हा एकत्र जुळवावे, म्हणजे ते कापडावर सपाट बसतात आणि सॅटिनच्या टाक्याला आवश्यक तो तुळतुळीतपणा येतो.

छाती आणि पाठ यांना लांब-आखूड टाका योग्य, आणि तोही एकपदरी. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. पक्ष्याची पिसे घरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेली असतात, डोक्याकडची ओळ शेपटीकडच्या ओळीवर चढलेली. म्हणून भरण्यास आरंभ शेपटीकडून करून डोक्याकडे सरकत जावे, म्हणजे प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीची टोके आपसूक झाकते. पुष्कळजण उत्साहाच्या भरात डोळ्यापासून आरंभ करतात, आणि मग पिसे उलटी उभी राहिल्यासारखी दिसू लागतात. चोच काळी, तिला आखूड सॅटिन. पायांना दांडी टाका. डोळ्याभोवती मातकट पिवळ्याचे बारीक कडे, आणि बुबुळाच्या वरच्या बाजूस पांढऱ्या दोऱ्याचा अगदी एक टाका. हा एक टाका सर्वांत शेवटी घालावा. गवताला सरळ लांब टाके पुरेत, सोनकीच्या फुलांच्या मध्याला गाठीचा टाका, आणि पार्श्वभूमीला काहीही न भरता गव्हाळ रंगाचे हातमागाचे कापड तसेच मोकळे ठेवावे.

यावर कोणी म्हणेल की, आमच्या परंपरेत पक्षी असे हुबेहूब कधी भरले गेलेच नाहीत. पैठणीच्या पदरावरचा मोर घ्या किंवा धारवाडकडच्या कसुतीतील राघू घ्या, ते सारे संकेताने सिद्ध झालेले. आक्षेप खरा आहे. कसुतीत तर कापडाचे धागे मोजून टाके घातले जातात, आणि गवंतीच्या टाक्याने भरलेली नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तेथे पिसाच्या छटेला वाव नाही आणि तिची उणीवही भासत नाही. परंतु कसुतीचा राघू काढणाऱ्या बाईने राघू पाहिलेला असतो. डौलदार मान आणि बाकदार चोच एवढ्या दोन खुणांत तो उभा करण्याचे सामर्थ्य तिच्या परंपरेने त्या पाहण्यातूनच मिळवले. ज्याला संकेताच्या मार्गाने जावयाचे असेल त्याने नीलपंखाला दोन निळे आणि एक तपकिरी एवढ्यांत खुशाल बसवावे; मी त्याचे स्वागतच करीन. माझा विरोध न पाहता भरण्याला आहे.

दसऱ्याला या पक्ष्याचे दर्शन घडवून पैसे मिळवण्यासाठी त्याला पकडून, पंख कापून किंवा चिकटवून पिंजऱ्यात फिरवण्याचे प्रकार देशाच्या काही भागांत होत आले आहेत. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण दिलेले असतानाही ते होतात, ही मनाला फार लागणारी गोष्ट आहे. ज्या घरात तो आपल्या हाताने भरलेला असेल, त्या घरातील मुले असल्या पिंजऱ्यासमोर पैसे टाकणार नाहीत, असा मला विश्वास वाटतो. म्हणून शाळांच्या हस्तकलेच्या तासांना आणि भरतकामाच्या वर्गांना माझी विनंती आहे की, या आश्विनात मेपलचा कागद बाजूला ठेवून मुलांना एक सकाळ शेतावर न्यावे, आणि मग रंग निवडू द्यावेत. नीलपंख नाहीच दिसला तर निराश होण्याचे कारण नाही. याच सुमारास उत्तरेकडून पांढरा धोबी आलेला असतो, संस्कृत कवींनी शरदाशी ज्याचे नाते जोडले तो खंजन त्याच्याच कुळातला, आणि पाणथळ जागी शेपटी वरखाली हलवीत तो हमखास भेटतो. त्याला काळा, पांढरा आणि करड्याच्या दोन छटा एवढेच दोरे लागतात.