परीक्षा परिचारिकेची, सुटका व्यवस्थापनाची!

गडचिरोली-गोंदियापासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचा कर्करुग्ण अखेर नागपूरची वाट धरतो. येथील ‘मेडिकल’, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय किंवा २०२३ मध्ये औपचारिक उद्घाटन झालेली राष्ट्रीय कर्करोग संस्था, दार कोणतेही असो, केमोथेरपीचे औषध त्याच्या शिरेत सोडणारा हात परिचारिकेचाच असतो. त्या हाताची पात्रता आता संगणकावरील परीक्षेने ठरवावी, असा आग्रह धरला जातो. त्यामागील राजकारण तपासणे हे श्रमिक चळवळीचे कर्तव्य आहे.

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, ज्ञानाच्या कसोटीला आमचा विरोध नाही. व्हिन्क्रिस्टीन हे औषध शिरेतूनच द्यावयाचे असते. ते चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले, तर रुग्ण बहुधा दगावतोच. जागतिक आरोग्य संघटनेला २००७ मध्ये याविषयी जगभर इशारा द्यावा लागला. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपले, तर मांस जळते. हे परिचारिकेला ठाऊक असलेच पाहिजे. गरीब रुग्णाच्या जिवाशी खेळण्याचा अधिकार कोणालाच नाही, आमच्या संघटनांनाही नाही.

परंतु पडद्यावरील चार पर्यायांतून एक निवडणे म्हणजे कौशल्य नव्हे. केमोथेरपीचा ऑनलाइन अभ्यासक्रम व परीक्षा चालविणारी अमेरिकेतील कर्करोग परिचारिकांची संस्थादेखील आपले प्रमाणपत्र केवळ ज्ञानाचे मानते. प्रत्यक्ष कामातील कौशल्य पारखण्याची जबाबदारी ती रुग्णालयावरच टाकते. आपल्याकडे मात्र परीक्षेची आयात होईल आणि ही जबाबदारी बंदरावरच राहील, ही आमची भीती आहे.

१९९४ मध्ये बोस्टनच्या ख्यातनाम कर्करोग संस्थेत बेट्सी लेहमन ही पत्रकार औषधाच्या अतिमात्रेने मृत्यू पावली. चार दिवसांची एकूण मात्रा तिला रोज दिली गेली. चूक औषध लिहिणाऱ्याची होती. पुढे ती अनेक सुशिक्षित, पात्र माणसांच्या नजरेतून निसटली. संस्थेला अखेर मात्रा तपासण्याची व्यवस्थाच बदलावी लागली. या घटनेचा धडा एवढाच की, सदोष व्यवस्थेत गुणवंतही चुकतात.

आणि आपली व्यवस्था कशी आहे? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की, अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. निकष कागदावर आणि परिचारिका कंत्राटावर! या कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातील परिचारिकांना २०२२ मध्ये संपावर जावे लागले. मात्रा दोघींनी पडताळावी, हा सुरक्षिततेचा पहिला नियम; पाळीवर दुसरी नसेल, तर पहिलीचे शंभर टक्के गुण कोणत्या उपयोगाचे?

तिच्या स्वतःच्या देहाचे काय? ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जनुकीय बदल घडविणाऱ्या द्रव्यांच्या खुणा फिनलंडमधील संशोधकांनी १९७९ मध्येच दाखविल्या. सायक्लोफॉस्फमाइड तर मानवात कर्करोग निर्माण करणारे म्हणून मान्य झालेले औषध आहे. योग्य हातमोजे व औषध मिसळण्याचे सुरक्षित कपाट पुरविले काय, हा प्रश्न कोणत्या परीक्षेत व्यवस्थापनाला विचारला जातो?

म्हणून आमची मागणी साधी आहे. परीक्षा घ्या, पण ती कामाच्या वेळेत, विनाशुल्क आणि मराठीतही घ्या. तिच्या जोडीला रुग्णशय्येपाशी अनुभवी परिचारिकेकरवी प्रत्यक्ष तपासणी ठेवा. अनुत्तीर्ण झालेलीला प्रशिक्षण द्या, बडतर्फीची नोटीस नको. आणि त्याच दिवशी रुग्णालयाचीही परीक्षा घेऊन मनुष्यबळ व संरक्षक साधने यांचा निकाल दारावर लावा.

एरवी ही परीक्षा म्हणजे उद्याच्या अपघाताचे आजच तयार ठेवलेले आरोपपत्र ठरेल. त्यावर परिचारिकेचे नाव असेल, आणि रुग्ण मात्र मरतच राहील.