लग्नपत्रिकेचे पाकीट : थोड्या खर्चात नीटस पत्ता

घरात लग्न ठरले की पत्रिकेच्या कागदावर, तिच्या रंगावर आणि मजकुरावर दिवसेंदिवस चर्चा चालते. पाकिटावर पत्ते कोणी व कसे लिहायचे याचा विचार मात्र छापखान्यातून गठ्ठा घरी आल्यावर सुरू होतो. त्या वेळी हाताशी दिवस थोडे आणि माणसे कामात गुंतलेली. मग कोणी तरी घाईघाईने, मिळेल त्या लेखणीने शेकडो पाकिटे उरकतो. किंवा हे काम पैसे देऊन बाहेरून करवून घेतले जाते. वास्तविक निमंत्रिताच्या दृष्टीस प्रथम पडते ते त्याचे स्वतःचे नाव. आतली पत्रिका नंतर. ते नाव शुद्ध, सुवाच्य आणि योग्य मानाने लिहिलेले असावे यासाठी पैशापेक्षा थोडी आखणीच अधिक उपयोगी पडते. ती कशी करावी, हे या वेळी पाहू.

आधी वही, मग पाकीट

पत्रिका छापावयास देण्यापूर्वीच एक साधी शंभरपानी वही घ्यावी. तिच्यात माणसांची नव्हे, तर घरांची यादी करावी. कारण एका घराला एकच पाकीट जाते. माणसे मोजून पत्रिका छापल्या की गठ्ठेच्या गठ्ठे उरतात. प्रत्येक घरापुढे तीनपैकी एक खूण करावी : समक्ष द्यावयाचे, टपालाने पाठवावयाचे, आणि केवळ दूरध्वनी वा भ्रमणध्वनीवरील संदेशाने कळवावयाचे. समक्ष द्यावयाच्या पाकिटावर नाव पुरते. पत्ता लागतच नाही. एवढ्या एका विभागणीने लेखनाचे काम पुष्कळ कमी होते.

हिशेबच करून पाहा. तीनशे पाकिटांपैकी १८० समक्ष द्यावयाची असतील, तर नुसत्या नावाला अर्धा मिनिट धरून दीड तास लागेल. उरलेल्या १२० पाकिटांवरील पूर्ण पत्त्यांना प्रत्येकी दोन मिनिटे धरली तर चार तास. असे एकूण साडेपाच तास झाले. चार जण बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड तासही येत नाही. दोन संध्याकाळी जेवणापूर्वी होण्यासारखे हे काम आहे, आणि त्याचा खर्च चार लेखण्यांचा.

मागील कार्याची यादी घरात असेल तर ती हाताशी घ्यावी. पण जशीच्या तशी उतरून घेऊ नये. मधल्या वर्षांत कोणी घर बदललेले असते, कोणाच्या गावाचा पिनकोड निराळा झालेला असतो, आणि कोणी या जगातून गेलेलेही असते. गेलेल्या माणसाच्या नावाने मंगलकार्याचे पाकीट त्याच्या घरी पोहोचावे, यासारखी दुखावणारी चूक दुसरी नाही. ती टाळावयास पैसा लागत नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसावे आणि एकेक नाव मोठ्याने वाचावे. जेथे शंका येईल तेथे दूरध्वनी करावा. आजीला किंवा आत्याबाईंना जे ठाऊक असते ते कोणत्याही यंत्रात नोंदलेले नसते.

नावामागील मान

पूर्वी पाकिटावर ‘रा. रा.’, ‘ती.’, ‘वे. शा. सं.’ अशा उपाध्यांची रेलचेल असे. आज ‘श्री. व सौ.’, ‘श्रीमती’, ‘डॉ.’, ‘ॲड.’ एवढ्यावर भागते, आणि तेच बरे. मात्र दोन ठिकाणी विशेष विचार करावा.

पती निवर्तल्यावर त्या घरचे पाकीट सरसकट मुलाच्या नावाने पाठवण्याची, किंवा त्या भगिनीच्या नावामागे ‘गं. भा.’ लावण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. मंगलकार्याच्या पाकिटावर तिच्या दुःखाची खूण उमटवण्याचे काही कारण नाही. सन २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गावकऱ्यांनी एकत्र येऊन जे केले त्याचा आपल्या घरापुरता आरंभ एका पाकिटावरूनही करता येतो. ‘श्रीमती’ लिहावे, पुढे त्यांचे स्वतःचे नाव लिहावे, आणि खाली ‘सहपरिवार’. पाकीट त्यांच्याच हाती द्यावे. आपण या कार्याला हव्या आहोत, ही गोष्ट त्यांना त्या दोन शब्दांतून कळते.

दुसरे ठिकाण एकट्या राहणाऱ्या किंवा विवाहानंतरही माहेरचे आडनाव ठेवणाऱ्या स्त्रियांचे. त्या आपले नाव जसे लिहितात तसेच पाकिटावर उतरावे. दांपत्याची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही नावे पूर्ण लिहावीत. आडनावाचे ऱ्हस्व-दीर्घही तपासून घ्यावे. आपले आडनाव चुकलेले कोणालाच आवडत नाही.

हस्ताक्षराची सोपी साधने

अक्षर सुंदर नसले तरी ओळ सरळ असली की पाकीट नेटके दिसते. पाकीट पातळ आणि फिक्या रंगाचे असेल तर त्याच्या आत बसेल अशी एक पुठ्ठ्याची पट्टी कापावी आणि तिच्यावर ठळक काळ्या शाईने पाच-सहा समांतर रेषा ओढाव्यात. पट्टी आत सरकवली की रेषा बाहेरून दिसतात आणि त्यांच्या आधाराने लिहिता येते. पाकीट जाड असेल तर उलट करावे. पुठ्ठ्यात ओळींच्या लांबीच्या अरुंद खिडक्या कापून तो पाकिटावर ठेवावा आणि खिडकीच्या आत लिहावे. या युक्तीने चार जणांनी लिहिलेली पाकिटेही एका मापाची वाटतात.

पत्रिका आत घालण्यापूर्वीच पत्ता लिहावा. नाही तर लेखणीचा दाब आतल्या कागदावर उमटतो, आणि पाकीट फुगल्याने ओळही वाकडी होते. लेखणी निवडताना एका फाजील पाकिटावर लिहून, दहा मिनिटांनी बोट फिरवून पाहावे. गुळगुळीत कागदावर जेलची शाई पुसली जाते, आणि झरणीची शाई पाण्याच्या थेंबाने पसरते. टपालाच्या पाकिटासाठी साधी बॉलपेनच विश्वासाची. गडद रंगाच्या पाकिटावर निळी-काळी शाई दिसत नाही. म्हणून पाकिटाचा रंग निवडतानाच फिका घ्यावा. सोनेरी शाईच्या महागड्या लेखणीचा खर्च त्यामुळे आपोआप वाचतो.

घरात कोणाला सुलेखनाची हौस असेल तर पहिली पाच-दहा पाकिटे बोरूने लिहावीत. देवापुढे ठेवावयाची पत्रिका, आजोळची, व्याह्यांची, गुरुजनांची अशी ही पाकिटे. तिरकस कापलेल्या टोकामुळे देवनागरीच्या रेघा जाड-बारीक उमटतात आणि साधे नावही शोभिवंत होते. शाई पूर्ण वाळेपर्यंत पाकिटे एकमेकांवर रचू नयेत. हळद-कुंकवाची बोटे कोपऱ्यांवरच लावावीत, आणि तीही पत्ता वाळल्यावर.

छापील चिठ्ठ्या आणि शिक्का

टपालाची पाकिटे शंभराहून अधिक असतील तर संगणकाची मदत घेणे स्वस्त पडते. वहीतील पत्ते एकदा तक्त्यात भरले की एका पानावर वीस-चोवीस पत्ते छापता येतात. चिकटणारा तयार कागद महाग वाटल्यास साध्या कागदावर छापून चिठ्ठ्या कापाव्यात आणि घरच्या खळीने चिकटवाव्यात. दोन चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा आणि मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. ही खळ लवकर आंबते, म्हणून त्या दिवशी लागेल तेवढीच करावी. खळ पातळ लावावी. जाड थराने कागद सुरकुततो. छापखान्यात किंवा झेरॉक्सच्या दुकानात निघालेली प्रत पाण्याला टिकते. घरगुती यंत्राची शाई टिकते की नाही, ते आधी एक थेंब टाकून पाहावे.

छापील चिठ्ठी रुक्ष वाटते, अशी तक्रार होते, आणि ती खोटी नाही. त्यावर उपाय असा की पत्ता छापील असावा, पण वर नाव हाताने लिहावे. नाव आपुलकीसाठी, पत्ता टपालवाल्यासाठी.

पाठवणाऱ्याचा पत्ता तीनशे वेळा लिहिण्याचे कष्ट कोणी करू नयेत. पत्रिका छापतानाच तो पाकिटाच्या मागील बाजूस छापून घ्यावा, किंवा एक रबरी शिक्का करून घ्यावा. शिक्का पुढील बारसे, मुंज, वास्तुशांत अशा सर्व कार्यांना उपयोगी पडतो. हा पत्ता असला तरच न पोहोचलेले पाकीट परत येते आणि निमंत्रण कोठे अडले हे आपल्याला कळते.

टपालाच्या सोयीचा पत्ता

पाकिटाचा वरचा उजवा कोपरा तिकिटासाठी मोकळा ठेवावा आणि पत्ता उजव्या अर्ध्या भागात लिहावा. नाव, घर वा इमारत, रस्ता किंवा जवळची खूण, गाव व पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य आणि शेवटी पिनकोड, असा क्रम ठेवावा. खेडेगावाच्या पत्त्यात मु., पो., ता., जि. या चारही गोष्टी हव्यात. एकाच नावाची गावे एका जिल्ह्यातही अनेक असतात.

ही अडचण दूर करण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी मराठी होते आणि संस्कृतचे कवीही होते. सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन पत्र वाटणारे टपाल कार्यालय. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ यांचा आरंभ ४ ने होतो. गुजरातचा ३ ने, कर्नाटक, आंध्र व तेलंगणाचा ५ ने, तमिळनाडू व केरळचा ६ ने. ९ हा अंक सैन्याच्या टपालासाठी राखलेला आहे. यादी तपासताना हा पहिला अंक पाहिला तरी बऱ्याच चुका सापडतात : पुण्याचा पत्ता आणि अंक ५ ने सुरू, तर काही तरी बिघडले आहे असे समजावे.

आपली मराठी कुटुंबे इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, तंजावर अशी सर्वदूर पसरलेली आहेत. तंजावरच्या पाकिटावर नाव मराठीत जरूर लिहावे. परंतु गाव, जिल्हा व राज्य इंग्रजी लिपीतही लिहावे, आणि पिनकोडाचे अंक इंग्रजी पद्धतीचे काढावेत. तेथील टपालवाल्याला देवनागरी येतेच असे नाही.

शेवटची गोष्ट वजनाची. रेशमी गोंडा, उठावाचा गणपती, जाड पुठ्ठा यांनी पाकीट जड होते. एक पाकीट पूर्ण तयार करून टपाल कार्यालयात वजन करून घ्यावे, तिकीट किती ते विचारावे, आणि मगच उरलेल्यांना तिकिटे लावावीत. तिकीट कमी पडले तर पाकीट ‘नॉटपेड’ होते आणि भुर्दंड पाहुण्याला पडतो. परगावची पाकिटे लग्नाच्या निदान महिनाभर आधी निघावीत.

सर्व पाकिटे निघाल्यावर वहीत प्रत्येक नावापुढे तारीख घालावी, आणि जी परत येतील त्यांचा नवा पत्ता मिळवून तेथेच नोंदवावा. नंतर ती वही कपाटात जपून ठेवावी. धाकट्या भावंडाच्या लग्नाच्या वेळी निम्मे काम तिनेच केलेले असेल.