निदान घराजवळ व्हावे

पेढी नदीकाठचे वलगाव अमरावतीकरांस परके नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता याच गावाजवळ गाडगेमहाराजांनी देह ठेवला. रोगराईचे मूळ दैवात नसून घाणीत आहे, हे त्यांनी हाती खराटा घेऊन खेड्यापाड्यांस शिकविले. डोळ्यांस दिसणारी घाण खराट्याने निघते. न दिसणाऱ्या विषाणूचा माग काढावयास निराळे साधन लागते. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, ते साधन महाराजांचेच नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चालू झाले, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

तत्पूर्वी येथील नमुने नागपुरास धाडावे लागत आणि घरोघरी अहवालाची वाट पाहिली जाई. आरटी-पीसीआर या तंत्रात विषाणूच्या आरएनएची प्रथम डीएनएत नक्कल होते व मग तापविण्या-थंडावण्याच्या प्रत्येक फेरीत ती दुप्पट होत जाते. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात आणि अदृश्य ते दृश्य होते.

परंतु विषाणू आहे की नाही, एवढेच ही चाचणी सांगते. त्याचे रूप पालटले काय, हे कळण्यास त्याची सुमारे तीस हजार अक्षरे क्रमाने वाचावी लागतात. फेब्रुवारी १९२१ नव्हे, २०२१ मधील ही गोष्ट आहे, इतक्या लवकर ती विसरली जाऊ नये. अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले, २२ तारखेपासून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी आली. नमुने क्रमवाचनासाठी पुण्यास गेले. महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन लक्षणीय बदल एकत्र आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च रोजी जाहीर केले, तेव्हा साथ राज्यभर भडकली होती. पुढे याच कुळातील एका विषाणूस 'डेल्टा' हे नाव मिळाले व त्याने जगभर थैमान घातले. महिनाभर आधी कळते तर सारे टळते, असा आमचा दावा नाही. परंतु जेथे साथ पेटली तेथेच तिचे निदान होऊ नये, ही उणीव खासच आहे.

आज तळहातावर मावणारी क्रमवाचक यंत्रे निघाली आहेत. यंत्र लहान झाले म्हणून खर्च संपत नाही, हे आम्ही जाणतो. रसायने महाग असतात, शीतगृह लागते, अखंड वीज लागते, आणि सर्वांहून दुर्मीळ म्हणजे हात बसलेला, डोके शाबूत असलेला माणूस. साथीत कंत्राटावर माणसे घ्यावयाची व साथ सरताच त्यांस निरोप द्यावयाचा, या रीतीने विद्या टिकत नाही. 'रोज उठून साथ थोडीच येते?' असे कोणी विचारील. परंतु क्षयाचे जंतू कोणत्या औषधास दाद देत नाहीत, कपाशीच्या बियाण्यात विक्रेता सांगतो तेच जनुक आहे काय, हे प्रश्न वऱ्हाडास बारमास आहेत आणि त्यांचीही उत्तरे हीच तंत्रे देतात.

यास्तव शासनाने विभागाच्या प्रयोगशाळेस क्रमवाचनाची सामग्री, कायम पदे व दरसालचा निधी द्यावा, अशी आमची मागणी आहे. महाराज खराटा सणावारीच हाती घेत नसत. तो नित्याचा होता. प्रयोगशाळेचेही तसेच असावे.