‘ओपन’ ही कोणाची जात नाही

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. काम जात पडताळणीचे होते. हातात एका भरतीची निवड यादी होती. अनुसूचित जातीच्या यादीत मुलीचे नाव पहिले, म्हणून घरी पेढे वाटून झाले होते. मी यादी चाळली. खुल्या प्रवर्गातून शेवटी निवडल्या गेलेल्या उमेदवारापेक्षा या मुलीला जास्त गुण होते. वयाची वा गुणांची कोणतीही सवलत तिने घेतलेली नव्हती. मी म्हणालो, ‘‘दादा, हिचे नाव या यादीत नको, वरच्या यादीत हवे.’’ ते गोंधळले. म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, आपण कुठे ओपनचे?’’

हा प्रश्न त्या एका बापाचा नाही. तो आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. म्हणूनच एका साध्या इंग्रजी विशेषणावर आज लिहावेसे वाटते.

‘ओपन’ म्हणजे उघडा, खुला, मोकळा. दार ओपन आहे म्हणजे कोणीही आत यावे. आम्हा वकिलांना ‘ओपन कोर्ट’ हा शब्द रोजचा. त्याचा अर्थ एवढाच की, न्यायालयात कोणीही येऊन बसावे, कामकाज ऐकावे. दाराशी कोणी जात विचारत नाही. ‘ओपन’ला विरुद्धार्थी शब्द ‘बंद’ आहे, ‘राखीव’ नव्हे. पण महाराष्ट्रात या विशेषणाचे कधी नाम झाले आणि नामाची कधी जात झाली, हे कळलेच नाही. ‘ती ओपनची मुले’, ‘ओपनवर अन्याय’, ‘तू ओपन की कॅटेगरी?’ असे सर्रास बोलले जाते. स्वतःची जात न सांगता ती सांगण्याची ही सभ्य रीत झाली आहे. जे दार सर्वांचे होते, त्यावर काहींनी आपल्या नावाची पाटी लावली आणि आपणही ती पाटी वाचून मागे फिरलो.

कायदा काय सांगतो? संविधानाच्या कलम १६ (१) ने सर्व नागरिकांना समान संधी दिली आहे. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की, समान संधीचे तत्त्व टिकायचे असेल तर राखीव जागा एकूण जागांच्या निम्म्याहून कमी असाव्यात. याचा सरळ अर्थ असा की, उरलेल्या जागा कोणा एका वर्गाच्या नव्हेत, सर्वांच्या. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मागासवर्गीय उमेदवार स्वतःच्या गुणवत्तेवर खुल्या स्पर्धेतून निवडला गेला तर तो राखीव कोट्यात मोजायचा नाही. १९९५ च्या सभरवाल निकालाने तेच अधोरेखित केले. तरीही उत्तर प्रदेशातील पोलीस भरतीत मागासवर्गीय महिलांना खुल्या महिलांपेक्षा जास्त गुण असूनही बाहेर ठेवले गेले. १८ डिसेंबर २०२० रोजी सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, खुला प्रवर्ग हा कोटा नाही. तो सर्वांसाठी खुला आहे आणि त्यासाठी एकच अट आहे, गुणवत्ता.

यात तोटा कोणाचा होतो, ते नीट पाहा. त्या मुलीला नोकरी मिळालीच होती. पण तिला राखीव जागेत बसवल्यामुळे त्या यादीतला शेवटचा उमेदवार बाहेर फेकला गेला. तो कोण, हे आपल्याला कधी कळत नाही. तो मोर्चा काढत नाही, कारण आपली जागा गेली हेच त्याला ठाऊक नसते. अशा रीतीने आरक्षण ही किमान हमी न राहता कमाल मर्यादा होते. एवढ्याच जागा तुमच्या, बाकी सगळ्या आमच्या! हा आरक्षणाचा अर्थ नव्हे, हे उलटे आरक्षण आहे.

२०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना दहा टक्के आरक्षण दिले. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधील गरिबांना वगळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवले. तेव्हापासून लोक त्याला ‘ओपनचे आरक्षण’ म्हणतात. जे सर्वांसाठी खुले आहे, त्याला आरक्षण कसे असेल? शब्द किती बिघडला आहे, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

खुलेपणा कागदावर असतो आणि दारावर नसतो, हे आपल्याला नवे नाही. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या हजारो माणसांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत त्या ‘खुल्या’ पाण्याला आपला हात लागला नव्हता. पुढे स्पृश्यांनी तळे खासगी असल्याचा दावा लावला. तो मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकालात निघाला, बाबासाहेबांच्या बाजूने. ‘खुले’ हा शब्द खरा करायला आपल्याला तेरा वर्षे लागली.

म्हणून कार्यकर्त्यांना तीन गोष्टी सांगतो. निवड यादी लागली की आपल्या मुलांचे गुण आधी खुल्या यादीतल्या शेवटच्या उमेदवाराशी ताडून पाहा. वयाची वा अन्य सवलत घेतली असेल तर त्या भरतीचे नियम वाचा, कारण तिथे न्यायालयांनी नियमांप्रमाणे वेगवेगळे निकाल दिले आहेत. चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत घ्या, पोच घ्या, माहितीच्या अधिकारात गुणांची यादी मागा. उशीर झाला तर न्यायालयही हात आखडता घेते.

आणि चौथी गोष्ट घरातली. आपल्या मुलांसमोर ‘ते ओपनचे’ म्हणणे आजपासून बंद करा. त्या मुलीच्या वडिलांना मी शेवटी एवढेच म्हणालो, ‘‘दादा, आपणही ओपनचेच. राखीव आपला हक्क आहे आणि खुलेही आपलेच आहे.’’ त्यांनी यादी पुन्हा उघडली आणि या वेळी वरून वाचायला सुरुवात केली.

जयभीम!