पुरुषांची ठिसूळ हाडे : संप्रेरकाचा आग्रह आणि खरा उपचार

उतारवयातील पुरुषांची हाडे आतून विरळ आणि ठिसूळ होण्याचा विकार, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या तुटीतून उद्भवतो, तेव्हा ती तूट भरून काढली आणि जोडीला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या की उपचार पुरा झाला, असे मत आग्रहाने मांडले जाते. हे मत अगदीच निराधार नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, हे संप्रेरक कमी असलेल्या 65 वर्षांवरील पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांच्या मणक्यांची घनता वाढल्याचे आढळले होते.

परंतु घनता वाढणे म्हणजे हाड मोडायचे टळणे नव्हे, आणि या मताची सारी भिस्त तर या दोन्ही गोष्टी एकच मानण्यावर आहे. ट्रॅव्हर्स या चाचणीचे 2024 साली जाहीर झालेले निष्कर्ष येथे निर्णायक ठरतात. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या 5,204 पुरुषांची सुमारे तीन वर्षे पाहणी केली असता, ते घेणाऱ्यांपैकी 91 जणांना अस्थिभंग झाला, तर औषधविरहित जेल लावणाऱ्यांपैकी 64 जणांना. हे पुरुष ऑस्टिओपोरोसिसचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन हाडे मोडते असे त्यावरून म्हणता येणार नाही. मात्र ते हाडांना हमखास राखते, हा दावा त्यानंतर टिकत नाही.

कॅल्शियमविषयीचा भ्रम अधिक खोल रुजलेला आहे. झोलेड्रॉनिक आम्ल हे औषध हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवर घालते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, 1,199 पुरुषांवरील चाचणीत ते वर्षातून एकदा शिरेवाटे दिले गेले, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व मात्र दोन्ही गटांना मिळाले. दोन वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकी 1.6 टक्के पुरुषांचे मणके नव्याने मोडले, औषध न घेणाऱ्यांपैकी 4.9 टक्के पुरुषांचे. केवळ कॅल्शियमवर ठेवलेल्या रुग्णाचे काय होते, याचे उत्तर या दुसऱ्या आकड्यात आहे.

म्हणून रोजचे सुमारे 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम, शक्यतो दूध आणि नाचणीसारख्या अन्नातून, आवश्यकच मानावे, पण त्याला उपचार म्हणू नये. सकाळच्या रक्ततपासणीत संप्रेरकाची तूट पुन्हा आढळली आणि तिची लक्षणेही असली, तर टेस्टोस्टेरॉन जरूर द्यावे. अस्थिभंगाचा धोका मोठा असल्यास हाडांचे औषध मात्र त्यासोबत द्यावेच लागते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि अतिमद्यपान ही कारणेही शोधली पाहिजेत. प्रोस्टेटच्या कर्करोगात तर टेस्टोस्टेरॉन मुद्दाम घटवले जाते, त्याने हाडे झपाट्याने झिजतात, आणि तेथे हे संप्रेरक देण्याची सोयच उरत नाही. किरकोळ पडण्याने खुब्याचे हाड मोडलेल्या पुरुषाला शस्त्रक्रियेनंतर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या देऊन घरी धाडणे म्हणजे पुढच्या अस्थिभंगाला वाट मोकळी ठेवणे होय. त्याच्या हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि हाडांचे औषध, दोन्ही लांबणीवर न टाकता व्हायला हवीत.