नुकतीच शुगर निघालीय? आज बोला, डिसेंबरची वाट पाहू नका

अमेरिकेतल्या मराठी घरांना ही कळकळीची विनंती आहे. गेल्या काही आठवड्यांत तुम्हाला, नवऱ्याला, बायकोला किंवा सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना शुगर निघाली असेल, तर शरीरात जे जे वेगळं जाणवतंय ते मनात ठेवू नका. आज घरात सांगा आणि आजच डॉक्टरांच्या ऑफिसला कळवा. भेटीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली असेल, तर पोर्टलवर निरोप टाका, नर्सशी फोनवर बोला. ‘डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा आपल्या डॉक्टरांना दाखवू’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. इतकं थांबणं परवडणारं नाही.

आपल्याकडे हा आजार लपवला जातो. आईला सांगायचं नाही कारण ती काळजी करेल, मंडळात नाही कारण चर्चा होईल, ऑफिसात तर नाहीच. लपवण्यासारखं यात काय आहे? सॅन फ्रान्सिस्को परिसरात आणि शिकागोत २०१० पासून चालू असलेल्या ‘मसाला’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण इतर वंशगटांपेक्षा जास्त दिसलं. ‘पण मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण आहे. त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई लोकांच्या तपासणीसाठी बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली.

आता लक्षणांबद्दल. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांतच अनेकांना आधीपेक्षा धूसर दिसू लागतं आणि माणूस घाबरून गोळ्या बंद करतो. कृपा करून बंद करू नका. वाढलेल्या साखरेमुळे डोळ्याच्या भिंगाचा आकार बदललेला असतो, साखर उतरताना तो पुन्हा बदलतो. काही आठवड्यांत नजर बसते. तोवर नवा चष्मा करू नका, पण बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी मात्र लगेच करून घ्या. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा पडदा आल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

दुसरी गोष्ट थरथरण्याची. महिनोन् महिने साखर तीनशेच्या आसपास असलेल्या शरीराला १२० सुद्धा कमी वाटते. घाम येतो, हात कापतात. अशा वेळी अंदाजाने पेढा तोंडात टाकू नका, आधी मोजा. मीटर आणि पट्ट्या इथे चिठ्ठीशिवाय मिळतात. हात साबणाने धुऊन, पुसून कोरडे करा आणि बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचा. आंबा कापलेल्या हाताने मोजलं तर बोटावरचीच साखर आकड्यात दिसते. आकडा ७० च्या खाली असेल तर पंधरा ग्रॅम साखर घ्या, म्हणजे अर्धा कप फळांचा रस किंवा ग्लुकोजच्या गोळ्या, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका, ९११ लावा.

उपासाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं, मग साबुदाण्याची खिचडी, आणि सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतलेली. गोळी ग्लिपिझाइड किंवा ग्लिमेपिराइड असेल तर दुपारीच साखर धोकादायक उतरू शकते. जार्डियन्स, फार्झिगा या गटातली असेल तर उपाशीपोटी रक्तात आम्ल साठण्याची भीती असते, आणि तीही मीटरवर आकडा फारसा वाढलेला नसताना. अमेरिकेच्या एफडीएने या गटाबद्दल २०१५ मध्येच इशारा दिला आहे. श्रद्धा सोडा असं मी म्हणत नाही. पण गोळीचं नाव डॉक्टरांना सांगून विचारल्याशिवाय पुढचा उपास करू नका. सासूबाईंनी, आत्यांनी, घरातल्या प्रत्येकाने हे ऐकावं आणि आग्रह थांबवावा.

मेटफॉर्मिनने पोट बिघडतं हे खरं, बऱ्याच जणांना काही दिवसांत ते सोसतं. जेवणाबरोबर घ्या. तरी त्रास राहिला तर हळूहळू विरघळणारा प्रकार मागा. तळपायांना मुंग्या येत असतील, जळजळत असतील, तर ती दरवेळी साखरच असते असं नाही. आपण शाकाहारी मंडळी बी-१२ मध्ये आधीच कमी असतो आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की ते आणखी घटू शकतं. ती तपासणी स्वतःहून मागा. गोळ्या घेऊनही वजन झपाट्याने उतरतच राहिलं, तर टाइप वनची अँटिबॉडी तपासणी हवी का, हेही विचारा.

उलट्या थांबत नाहीत, पोट दुखतंय, श्वास खोल आणि जलद चालतोय, तोंडाला गोडसर वास येतोय, माणूस गुंगीत बोलतोय, यातलं काही दिसलं की फोनवर सल्ले घेत बसू नका. कारल्याच्या रसाची ही वेळ नाही. थेट इमर्जन्सी.

व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेल्या आईबाबांना खर्चाच्या धास्तीने घरी ठेवू नका. १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअरशी जोडलेल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागाला पैशांची ऐपत न बघता तपासावं लागतं आणि जीव धोक्यात असेल तर प्रकृती स्थिर करावी लागते. बिल येईल, पण ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवणं बंधनकारक आहे. त्याचा अर्ज मागून घ्या.

महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींनाही सांगणं आहे. गणेशोत्सवात एक टेबल मांडा, मीटर ठेवा, मंडळातल्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना दोन तास बसवा. नव्या रुग्णांना मधुमेहाचं प्रशिक्षण मिळतं, मेडिकेअर पहिल्या वर्षी दहा तासांपर्यंत त्याला मान्यता देतं, पण डॉक्टरांची शिफारस लागते आणि ती मागावी लागते, एवढं तरी प्रत्येकाच्या कानावर घाला.

आणि रुग्णालयात पोचल्यावर आईला इंग्रजी जमत नसेल, तर नातवाला दुभाष्या करू नका. काउंटरवर ‘मराठी इंटरप्रिटर’ मागा. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाला तो विनामूल्य द्यावा लागतो, बहुतेकदा फोनवरून मिळतो. आईला काय होतंय ते तिच्या शब्दांत, तिच्याच तोंडून सांगू द्या.